जर्कचं घोडं शंभरावर अडलंय, नऊ आठवड्यांचा प्रोग्राम तपासून हवाय

नमस्कार मंडळी,

नऊ आठवड्यांनी वेटलिफ्टिंगची स्पर्धा आहे, माझी दुसरीच. कोच नाही. प्रोग्राम मीच लिहितो आणि आता त्याच्यावर माझाच विश्वास उरलेला नाही.

आकडे आधीच देतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार. वय २९, वजन ७४ किलो, लिफ्टिंग अडीच वर्षं. स्नॅच (बार जमिनीवरून एकाच हालचालीत डोक्यावर) ८२, क्लीन अँड जर्क (क्लीन म्हणजे बार खांद्यावर, जर्क म्हणजे तिथून डोक्यावर) १००, बॅक स्क्वॅट (बार पाठीवर घेऊन बैठक) १५०, फ्रंट स्क्वॅट (बार पुढे खांद्यावर) १२८. नुसतं क्लीन ११०चं दोनदा झालंय, आणि दुसऱ्या वेळी उठताना फारशी धडपडही झाली नाही. जर्क मात्र सात महिने १००च्या वर जायला तयार नाही.

१०२ला काय होतं ते सांगतो. बार खांद्यावर नीट बसलेला असतो, श्वास घेतो, डिपला जातो, म्हणजे उसळी घ्यायला गुडघे जरा वाकवतो, आणि तिथेच वजन चवड्यांवर येतं. बार पुढे जातो, मी त्याच्यामागे. पुढचा पाय जेमतेम वीतभर सरकतो, कोपर वाकलेलं राहतं आणि मग मी ते रेटून सरळ करतो. मागच्या स्पर्धेत ९८ला नेमकं हेच झालं. वजन डोक्यावर होतं, मी खुशीत, आणि समोर दोन लाल दिवे: कोपर रेटून सरळ केलं म्हणून लिफ्ट बाद.

सध्याचा आठवडा: सोमवारी स्नॅच, स्नॅच पुल (फक्त ओढायचं, डोक्यावर न्यायचं नाही), बॅक स्क्वॅट. मंगळवारी क्लीन पुल, फ्रंट स्क्वॅट, शेवटी पॉवर जर्क (पाय पुढे-मागे न नेता). शुक्रवारी हलका स्नॅच आणि बॅक स्क्वॅट ५×५ (पाच-पाच रेपचे पाच सेट). शनिवारी स्नॅच आणि मग क्लीन अँड जर्क, दोन्ही जडच्या सिंगलपर्यंत, म्हणजे एकाच रेपपर्यंत.

पुढचा बेत असा: चार आठवडे कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्के, तीन आठवडे ८० ते ९०, आठव्यात ओपनर (स्पर्धेत पहिल्यांदा उचलायचं वजन), नववा हलका. पाय कमी पडतायत असं वाटतं म्हणून स्क्वॅटसाठी पाचवा दिवस घालावा का? आणि जर्कचे टक्के १००वरून काढायचे की ११०वरून? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

१५०चा स्क्वॅट आणि १००चा जर्क, आणि म्हणे पाय कमी पडतायत! अहो, याच स्क्वॅटवर ११५-१२० मारणारे लोक आहेत. पाचवा दिवस झोपेला द्या.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण जरा विस्ताराने लिहितो.

तुमचा आठवडा दोनदा वाचला. स्पर्धेत तुम्ही स्प्लिट (एक पाय पुढे, एक मागे) करता ना? मग आठवड्यात स्प्लिट जर्क येतो कुठे? फक्त शनिवारी, तोही स्नॅच संपल्यावर, आणि आदल्या दिवशी ५×५ खाल्लेल्या पायांवर. मंगळवारी आहे तो पॉवर जर्क, आणि तोही फ्रंट स्क्वॅटनंतर. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला येत नाही ती तुम्ही थकल्याशिवाय कधी करतच नाही. पाणी इथे मुरतंय.

मी असतो तर मंगळवारी सगळ्यात आधी रॅकमधून (बार स्टँडवरून थेट खांद्यावर घेऊन) स्प्लिट जर्क घेतले असते, ७० ते ८० टक्क्यांवर. डिपच्या तळाशी दोन सेकंद थांबायचं, टाच जमिनीला टेकलेली आहे हे कळेपर्यंत, आणि मगच वर. थांबून केलेल्या रेपमध्ये चवड्यांवर गेलात तर लपवायला जागाच नसते. ५×५ सोमवारी न्या आणि तीन आठवड्यांनी ३×३वर आणा. नऊ आठवड्यांत स्क्वॅट वाढवायचा नाहीये, टिकवायचाय. शुक्रवारी फक्त हलका स्नॅच.

टक्क्यांचं म्हणाल तर पुल आणि नुसतं क्लीन ११०वरून, जर्क आणि पूर्ण लिफ्ट १००वरून. ११०चे ९० टक्के म्हणजे ९९. दर आठवड्याला तेवढा जर्क मारायला गेलात तर मिस करण्याचाच सराव होईल. किती टक्क्यांवर किती रेप करायचे ते सांगणारा प्रिलेपिनचा तक्ता माहीत असेल: ८० ते ९० टक्क्यांत एका सत्रात १० ते २० रेप, सेटला २ ते ४. जर्कसाठी तुम्ही खालच्या टोकाला राहा. तक्ता रेप मोजतो, तुमची टाच बघत नाही.

शेवटचा जड सिंगल स्पर्धेच्या साधारण दहा दिवस आधी, ९५च्या आसपास. ओपनर ९२-९३. वाईट दिवशीही बसेल असाच आकडा द्या, कारण लागोपाठ तुमचंच नाव आलं तर घड्याळावर दोनच मिनिटं असतात.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल सात महिन्यांची वही काढून बसलो. ९०च्या वरचे जर्क मोजले: ३१ मिस, त्यातले २६ बार पुढे जाऊन. आणि ज्या शनिवारी १०० बसला, त्याच्या आदल्या दिवशीचं पान कोरं आहे. शुक्रवारी कामातच उशीर झाला होता, स्क्वॅट राहिले होते. त्या वेळी मी वहीत ‘आज फॉर्मात’ असं लिहून ठेवलंय!

एक अडचण आहे. जर्क ब्लॉक (रेप झाल्यावर बार ज्यांवर टाकता येतो ते उंच ठोकळे) नाहीत. दुसऱ्या रेपसाठी बार खांद्यावर परत झेलताना मनगटं आणि गळपट्टीचं हाड, दोन्ही बोंब मारतात. एकेक रेप करून बार टाकून दिला तर चालेल?

प्रतिसाद

चालेल की. सिंगलच करा, दहा-बारा. ७०ला बार पॉवर क्लीन करून (पूर्ण खाली न बसता खांद्यावर घेऊन) परत रॅकवर ठेवता येईल. ८०च्या पुढे तो नाद नको, प्लेट काढा, बार चढवा, परत लावा. वेळ जातो, पण तेवढीच विश्रांतीही होते. आणि कॅमेरा बाजूने लावा, समोरून टाच दिसत नाही.