‘दुप्पट’ म्हणजे कशाच्या दुप्पट?

औषधाच्या दुष्परिणामांची टक्केवारी ऐकून रुग्ण घाबरतात, म्हणून डॉक्टरांनी ‘क्वचित होतं’ एवढंच सांगावं, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. ‘क्वचित’चा अर्थ प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे लावतो. युरोपातल्या औषधांच्या माहितीपत्रकात ‘सामान्य’ दुष्परिणाम म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना होणारा, पण हे न सांगता कुणाला कळणार?

मात्र आकडा अर्धवट सांगितला तर तोही घात करतो. १९९५ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे त्या वेळच्या नव्या प्रकारच्या, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे, आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. खरं तर फरक होता साधारण ७,००० स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघी, इतकाच. पण ‘दुप्पट’ हा शब्द बातम्यांतून घरोघरी पोचला, अनेकींनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. त्यात वाईट वाटतं ते हे, की गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणात जास्त असतो, आणि नेमकं तेच ‘दुप्पट’ या शब्दामागे झाकलं गेलं.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं: औषध घेणाऱ्या हजारांपैकी किती जणांना हा त्रास होतो, न घेणाऱ्या हजारांपैकी किती जणांना, आणि कोणतं लक्षण दिसलं तर वाट न पाहता लगेच यायचं?