गहू सहा महिने बंद, तरी टीटीजी (सिलिअॅकची रक्ततपासणी) उतरत नाही. घरात कुठून शिरतंय?

परळची_आई
मुलगी 9 वर्षांची, बायोप्सीत सिलिअॅक निघालं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. टीटीजी-आयजीए सुरुवातीला "200 च्या वर", तीन महिन्यांनी तेच, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. हिमोग्लोबिन 9.1, लोहाचं औषध चालू आहे. खाण्यात ज्वारी-तांदळाची भाकरी (धान्य आणून कोपऱ्यावरच्या गिरणीत दळतो), भात, वरण, भाज्या, पोहे, घरची इडली. बिस्किटं, पाव, नूडल्स, रवा पूर्ण बंद. बाकीचे तिघे पोळ्या खातात, ओटा एकच. दूध दिलं की तिचं पोट दुखतं. नेमकं काय तपासू?

ज्वारी_बाजरी
ताई, आधी रिपोर्टबद्दल. "200 च्या वर" म्हणजे मशीनची मोजायची हद्द संपली. खरा आकडा आधी 900 असेल आणि आता 250, तरी कागदावर दोन्ही वेळा तेच छापून येणार. लॅबला सांगा, नमुना पातळ करून नेमका आकडा द्या. दर वेळी तीच लॅब ठेवा, कारण प्रत्येक किटचं मोजमाप वेगळं आणि दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. सुरुवातच एवढ्या वर असेल तर नॉर्मलला यायला वर्षाहून जास्तही लागू शकतं. सहा महिन्यांत बघायचं ते उतरण लागली का, एवढंच.

आता घर. तुमच्या यादीतली पहिली संशयित जागा गिरण आहे, हिंग-मसाले नंतर. हिशोब करून बघा. "ग्लुटेन-फ्री" छापायला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात ग्लुटेन साधारण 8 ते 10 टक्के. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात जेमतेम पाव ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं की मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटभर. आणि आदल्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाल्यावर दगडांच्या फटीत नि पीठ पडतं त्या कापडी तोंडाच्या चुण्यांत किती अडकलेलं असतं, ते एकदा कापड झटकायला लावून बघा. समजा किलोमागे एकच मोठा चमचा आलं. मुलगी दिवसाला सव्वाशे ग्रॅम पिठाची भाकरी खात असेल तर 100 मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन पोटात जातं. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने गेलं तर आतड्याच्या अस्तराला इजा होते हे अभ्यासात दिसलेलं आहे. बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि 10 मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा अडीचशेवा तुकडा!

"आधी तांदूळ दळून मग आमची ज्वारी दळा" हा उपाय अर्धवट आहे. पहिले दोन किलो बाजूला काढले तरी कापडातलं पीठ राहतंच. सकाळी गिरण उघडताच जाणंही तसंच, कारण आदल्या रात्रीचा गहू आत असतो. परवडत असेल तर नवी घरघंटी घ्या. जुनी, कोणाच्या घरी गहू दळलेली, फुकट मिळाली तरी नको.

धान्यही बघा. सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे असतातच. स्टीलच्या ताटात एका वेळी मूठभर, एका थरात पसरून उजेडात निवडा. ज्वारी गोल, गहू लांबट आणि मध्ये चीर, त्यामुळे चटकन दिसतो. मग दोनतीन पाण्यांनी धुवा म्हणजे गव्हाची धूळ जाते. पावसाळ्यात मुंबईत धान्य वाळत नाही ही खरी अडचण, म्हणून मेअखेरपर्यंत चार महिन्यांचं धुऊन, कडक वाळवून ठेवा. अर्धवट ओलं दळलंत तर पीठ जाळीला चिकटतं आणि आठवड्यात कुबट वास येतो.

ओटा_एकच
एका ओट्याची अडचण सोडवता येते, फक्त क्रम पाळायला हवा. भाकरी आधी, पोळ्या शेवटी. उलटं केलं तर कणकेची उडालेली पूड ओट्यावर, गॅसच्या बटणांवर, झाकण न ठेवलेल्या भाजीवर बसते. त्यातही पोळी लाटताना वापरायच्या पिठाची पूड सगळ्यात वाईट. जमेल तर तिघांच्या पोळ्या बाहेरून आणा किंवा एक वेळ सगळेच भाकरी-भात खा.

वेगळं हवंच असं सामान थोडं आहे, पण त्यात तडजोड नको: चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, तवा, भाकरीचा डबा. चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ घासून निघत नाही. लाकूड पीठ धरून ठेवतं. स्टीलची परात, कुकर, काचेची भांडी साबणाने नीट घासली की चालतात, दुहेरी संच करण्यात पैसे घालवू नका. तिचं पीठ वरच्या फळीवर ठेवा. कणीक वर आणि ज्वारी खाली असेल तर डबा काढताना खाली सांडतंच. करंज्या किंवा ब्रेडचे वडे तळलेलं तेल तिच्यासाठी पुन्हा वापरू नका.

हिंग: बाजारातला बांधानी हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्या. लोणचं, पापड, सांबार मसाला, चाट मसाला यांतही तोच हिंग. इडलीचं पीठ विकतचं असेल तर त्यात रवा नाही ना, विचारा. सोया सॉसमध्ये गहू असतो, दुधात घालायच्या पावडरींत आणि कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचं माल्ट. "गहू नाही" एवढ्याने भागत नाही, बार्लीही वर्ज्य. ओट्स मूळचे ग्लुटेनवाले नव्हेत, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हासोबत फिरतात. रिपोर्ट सुधारेपर्यंत नकोच.

शिवडी_फाटक
शाळा राहिली. डबा बदलून खाण्याची सवय मोडणं कठीण, म्हणून तिच्या डब्यात दुसऱ्यांना द्यावंसं वाटेल असं काही द्या, पण ती कोणाचं घेणार नाही हे बाईंना लेखी कळवा. हस्तकलेची मऊ रंगीत माती गव्हाच्या पिठाची असू शकते, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

बाहेर: शहाळं, केळी, भाजलेले चणे-शेंगदाणे बिनधास्त. बटाटावड्याचं आवरण बेसनाचं, पण कढई ब्रेड पकोड्याची आणि हिंग कुठला ते माहीत नाही, म्हणून नको. साबुदाणावडा समोशाच्या तेलात तळलेला असतो. भेळेत मैद्याची पुरी. मालवणी खानावळीत तांदळाची भाकरी मिळते म्हणून खुश होऊ नका: सुरमई रव्यात घोळवतात आणि कोंबडीवड्यांत गव्हाचं पीठ घालणारे पुष्कळ आहेत. "तांदळाच्या पिठात, वेगळ्या तव्यावर" हे स्पष्ट सांगा.

उपवासाचे जिन्नस मात्र खूप उपयोगी: वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. पीठ सुटं नको, बंद पाकीट घ्या आणि "गव्हाचे अंश असू शकतात" ही ओळ शोधा. सत्यनारायणाच्या प्रसादाला रव्याऐवजी वरीचा शिरा घरी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे लेकराला सगळ्यांसमोर "तुला नाही" ऐकावं लागत नाही.

पोटफुगी_दादर
मध्येच विचारतो. गव्हाने पोट फुगतं, टीटीजी निगेटिव्ह आलं. म्हणजे ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी का?

ज्वारी_बाजरी
दादा, तपासणीच्या वेळी गहू रोज खात होतात का? आधीच बंद केला असेल तर निगेटिव्हला अर्थ नाही. पुन्हा सुरू करून, डॉक्टर सांगतील तितके आठवडे खाऊन मगच रक्त द्या. सोबत एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड, टीटीजी-आयजीए त्याचाच प्रकार) बघा, तेच कमी असेल तर टीटीजी-आयजीए खोटं निगेटिव्ह येतं. सिलिअॅक आणि गव्हाची अॅलर्जी दोन्ही नसल्याची खात्री झाल्यावरच सेन्सिटिव्हिटी म्हणता येते. कांदा-लसणानेही फुगत असेल तर ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टनचा (न पचणारं एक कर्बोदक) संशय घ्या, ते गहू, कांदा, लसूण तिन्हींत असतं.

परळची_आई
गिरण आजपासून बंद. पण दूध आणि हिमोग्लोबिनचं काय?

ओटा_एकच
दोन्हींचं मूळ एकच, ताई. दूध पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या बारीक केसांच्या टोकांवर असतं आणि सिलिअॅकमध्ये तीच टोकं आधी झिजतात. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, जिथे इजा सर्वात जास्त. म्हणून औषध चालू असूनही आकडा हलत नाही. काही महिने दुधाऐवजी दही द्या, अस्तर भरून आलं की दूध बहुधा पचायला लागेल. लोहाच्या औषधासोबत चहा-दूध नको, लिंबूपाणी चालेल. डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, फॉलिक अॅसिड आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगा. आणि धाकट्या भावंडाचं, तुम्हा दोघांचंही टीटीजी करून घ्या. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला निघतं, काहीच त्रास नसतानाही. ते रक्त देईपर्यंत तुमच्या तिघांच्या पोळ्या मात्र बंद करू नका.