कमर्शियल पायलट लायसन्सनंतर नोकरी मिळेपर्यंतचा काळ कसा काढावा?

प्रश्न (एक पालक, शिरोली एमआयडीसी)

माझी मुलगी यंदा बारावी झाली. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय तिला होते. लहानपणी उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेर ती मला स्कूटर थांबवायला लावायची, आणि आता वैमानिकच व्हायचे असे तिने पक्के केले आहे. चौकशी केली तेव्हा ५० ते ६० लाखांचा आकडा ऐकला. त्यासाठी कागलजवळची वडिलोपार्जित शेती तारण ठेवण्याचा विचार आहे. लायसन्स मिळाले की नोकरी ठरलेलीच, असे संस्थांचे लोक सांगतात. आमच्या भावकीतला एक मुलगा मात्र लायसन्स घेऊन दोन वर्षे घरी बसला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मूळचा गडहिंग्लजचा, सध्या फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक)

काका, भावकीतल्या मुलाचे उदाहरण अपवाद समजू नका. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) लायसन्स २०० तासांच्या उड्डाणावर मिळते आणि त्यातले बहुतेक तास सेसनासारख्या छोट्या विमानावर होतात. विमान कंपनीला माणूस हवा असतो तो एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साठी, आणि त्याचे टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची पात्रता, हे निराळे शिक्षण असून त्याला आणखी काही लाख लागतात. एका विमानाचे रेटिंग दुसऱ्याला चालत नाही. मी लायसन्स हातात पडताच घाईने रेटिंग करून घेतले, आणि नेमकी त्याच विमानाची भरती दीड वर्ष निघाली नाही. त्या काळात दरवर्षीचे मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याच्या पात्रतेची) चाचणी यांचा खर्च चालूच राहिला. शिवाय २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिकही नोकरीच्या रांगेत आले. त्यांच्यापुढे २०० तासांच्या पोराला कोण विचारणार? म्हणून रेटिंगचे पैसे बाजूला ठेवा आणि भरती दिसल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

सर्वांत आधी, कुठलीही फी भरण्यापूर्वी, वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, म्हणजे आधी क्लास टू (प्राथमिक) आणि त्यानंतर क्लास वन (कमर्शियल लायसन्ससाठीचे) मेडिकल, करून घ्या. चष्मा चालतो, रंगांधळेपणा मात्र अडचणीत आणतो. आमच्या तुकडीतल्या एकाला हे पहिला हप्ता भरल्यावर कळले. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि नियमावली या लेखी विषयांचा अभ्यास कोल्हापुरात घरी बसूनही होतो; उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात.

उत्तर २ (निवृत्त बँक अधिकारी, राजारामपुरी)

तारणाविषयी थोडे लिहितो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की बँका सहसा तारण मागतात. कर्ज थकल्यास कोर्टात न जाता तारण विकण्याची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नसल्यामुळे बऱ्याच शाखा ती घ्यायला कचरतात आणि शहरातले घर मागतात, त्यामुळे शेतीच्या भरवशावर प्रवेश नक्की करू नये. दुसरे असे की हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, मग नोकरी लागलेली असो वा नसो. आणि मधल्या काळातले व्याज मुद्दलावर चढलेले असते. प्रशिक्षण जितके रेंगाळेल तितका बोजा वाढतो, हे मी कर्जदारांच्या घरी बसून पाहिले आहे.

उत्तर ३ (प्रशिक्षणार्थी)

वरचा रेंगाळण्याचा मुद्दा मी सध्या भोगतो आहे. आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात विमाने पाच दिसतात, प्रत्यक्षात उडतात दोन. एक तर सुटा भाग येईपर्यंत चार महिने हँगरमध्ये ताडपत्री पांघरून उभे होते. पहाटे साडेपाचला तयार होऊन वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघत बसायचे आणि दहाला, आज नंबर नाही, असे ऐकून खोलीवर परतायचे. पावसाळ्यात तर लॉगबुकची (उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीची) पाने कोरीच राहतात. म्हणून प्रवेशाआधी दोन दिवस तिथे मुक्काम करून किती विमाने खरोखर उडतात ते मोजावे, मुलांची लॉगबुके पाहावीत, आणि फी एकरकमी न भरता झालेल्या तासांप्रमाणे भरण्याची बोलणी करावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. संस्थेने या आठवड्यात एकरकमी फीवर सवलत देऊ केली होती, ती आज फोन करून नाकारली. क्लास टू मेडिकलसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. राजारामपुरीच्या साहेबांना एक विचारायचे आहे: एमआयडीसीतला माझा प्लॉट भाडेपट्ट्याचा आहे, तो बँक तारण म्हणून धरेल का?