मदत हवी आहे : काळ पूर्ववत झाला, मग पत्र कसे उरले?

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत राहणारा माझा भाचा आणि मी 'फ्लॅशपॉइंट' ही 2011 सालची पाच अंकांची कॉमिक्समालिका नुकतीच वाचून संपवली, आणि तिच्या शेवटापाशी आम्ही दोघेही अडलो आहोत.

आईचा खून टाळण्यासाठी बॅरी ॲलन, म्हणजे अतिवेगाने धावणारा सुपरहीरो 'फ्लॅश', भूतकाळात जातो आणि त्यामुळे सारे जगच पालटते, इथपर्यंत सगळे नीट उलगडते. त्या जगात लहानगा ब्रूस वेन (जो मूळ जगात मोठेपणी बॅटमॅन होतो) मारला गेलेला असतो आणि त्याचे डॉक्टर वडील थॉमस वेन बॅटमॅन झालेले असतात. अखेरीस बॅरी पुन्हा मागे जाऊन स्वतःलाच थोपवतो, म्हणजे आईचे मरण स्वीकारतो. हा प्रसंग मला फार लागला.

परंतु थॉमसने मुलासाठी लिहिलेले पत्र बॅरी नव्या जगातल्या ब्रूसच्या हाती देतो आणि ते वाचताना ब्रूसच्या डोळ्यांत पाणी येते. ज्या जगात ते लिहिले गेले ते जगच पुसले गेले असेल, तर कागद कसा टिकला? वाटेत भेटलेली ती गूढ स्त्री तीन कालप्रवाह जोडायला सांगते, त्यात याचे उत्तर आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.