भा. रा. तांबे शोधले की मुलांना फक्त गाणीच का सापडतात?

रामबागवासी, इंदूर
आमच्या मंडळाच्या काव्यवाचनासाठी नववी-दहावीच्या मुलांना इंदूर-ग्वाल्हेरकडचा एक मराठी कवी निवडून माहिती आणायला सांगितली होती. बहुतेकांनी तांबेच आणले, आणि प्रत्येकाच्या कागदावर तेच: 'मावळत्या दिनकरा', गायिका लता मंगेशकर, संगीत हृदयनाथ मंगेशकर, आणि 'ग्वाल्हेरचे राजकवी' अशी एक ओळ. कविता कुठल्या संग्रहातली, कधीची, हे एकालाही सांगता आलं नाही. यात मुलांचा दोष नाही, त्यांच्यासमोर तेवढंच येतं.

माझं मत असं की कवींच्या ओळखीची पानं आता पुष्कळ झाली. मूळ कविता, आवृत्ती आणि सालासकट, मराठी विकिस्रोतावर, म्हणजे हक्कमुक्त मूळ पुस्तकांच्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात, आली पाहिजे. तांबे १९४१ मध्ये गेले. आपल्याकडे लेखनाचा हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे १ जानेवारी २००२ पासून त्यांची कविता सगळ्यांची आहे. १९३५ ची समग्र कविता संपादली माधव ज्यूलियन यांनी. ते जन्माने बडोद्याचे, १९३९ मध्ये वारले, त्यामुळे संपादनाचाही अडसर नाही. तांब्यांच्या कित्येक कवितांबरोबर जाती (म्हणजे छंदाचा प्रकार), राग, ठिकाण आणि तारीख छापलेली असते. कवी कुठे बसून काय लिहीत होता हे त्यावरून कळतं. गाण्याच्या पानावर यातलं काही नसतं, आणि कडवीही बरेचदा निवडकच असतात.

जुनी पाने
अजिबात पटलं नाही. तांब्यांची पुस्तकं पुण्या-मुंबईत कुठेही मिळतील, ती काही उद्या नाहीशी होत नाहीत. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं झाली. त्या काळच्या स्मरणिका, स्थानिक अंक, मंडळांची हस्तलिखितं आज कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. पान उलटलं की कोपरा हातात येतो. आधी त्यांचं स्कॅनिंग करा. टंकन नंतर पंचवीस वर्षांनीसुद्धा करता येईल, वाळवीने खाल्लेलं पान मात्र परत येणार नाही.

रामबागवासी, इंदूर
स्कॅन करून ठेवायचं कुठे आणि ते सापडणार कसं? इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो मराठी पुस्तकं आहेत. पण पुष्कळांची नावं रोमन लिपीत, वाटेल त्या स्पेलिंगने चढवलेली. 'तांबे' असं देवनागरीत शोधलं तर समोर असलेलं पुस्तकही दिसत नाही. विकिस्रोतावर डावीकडे मजकूर, उजवीकडे छापील पानाचं चित्र. एकाने तपासलं की पानाची खूण पिवळी, दुसऱ्याने तपासलं की हिरवी. हे काम चार जणांत वाटून होतं.

जुनी पाने
नावं नीट द्या म्हणजे झालं! लेखक, वर्ष, प्रकाशक, गाव एवढं देवनागरीत भरलं तरी शोध लागतो. त्यासाठी तीनशे पानं टंकायची काय गरज? ती मेहनत तुम्ही करणार, आणि तोवर इथला एखादा जुना अंक रद्दीत जाणार. मला हे खरंच सहन होत नाही.

मराठीच्या बाई
तुम्ही दोघंही पुस्तकांकडे बघताय, मी वर्गाकडे बघते. माझी मुलं घरी मराठी बोलतात आणि वाचतात हिंदी. गजानन माधव मुक्तिबोध त्यांना माहीत आहेत, कारण हिंदीत त्यांच्या कविता एका क्लिकवर आहेत. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र इंदुरात जन्मले, मराठीत लिहीत राहिले, १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यांचं नावसुद्धा या मुलांनी ऐकलेलं नाही!

आता हक्काचं बघा. थोरले १९६४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य २०२५ पासून मोकळं आहे. शरच्चंद्र गेले १९८४ मध्ये, म्हणजे २०४४ संपेपर्यंत तुमचं विकिस्रोत त्यांच्यासाठी काहीच करू शकत नाही. तिथे उपयोगी पडतात ती माहितीचीच पानं, जी रामबागवासींना पुष्कळ झाली असं वाटतं. मराठी विश्वकोशात त्यांची नोंद आहे. तिच्या आधाराने हिंदीतही चांगला लेख लिहायला हवा.

रामबागवासी, इंदूर
बाई, हिंदीत लेख लिहून मूल मराठी कविता वाचणार आहे का? शरच्चंद्रांचं 'नवी मळवाट' कधी छापलं हे कळेल, त्यातली एक ओळही कळणार नाही. वारसांकडे रीतसर परवानगी मागून निदान पाच-दहा कविता मोकळ्या करून घेऊ. तो रस्ता मला जास्त खरा वाटतो.

मराठीच्या बाई
परवानगी मागा, मी पत्र लिहायला बसते. पण लेख थांबवू नका. नाव माहीत नसलेल्या कवीचे शब्द कोण शोधेल?

क्षिप्राकाठ
गाण्यांबद्दल बोलतो. 'जन पळभर म्हणतील' मी आजीच्या रेडिओवर ऐकलं, तिथून संग्रहाकडे गेलो. गाण्याच्या पानांना नावं ठेवू नका, त्या दाराने माणसं आत येतात. मुलांना फक्त क्रम शिकवा: गाणं आवडलं की कवीचं आडनाव घेऊन विश्वकोश, मग विकिपीडियावरच्या लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ, मग त्या पुस्तकाची छापील प्रत. स्कॅनिंगबाबत मी जुनी पाने यांच्या बाजूने. १९३५ च्या इंदूर संमेलनाचे अध्यक्ष भवानराव पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या भाषणाला हक्काची अडचण नाही. कुणाकडे ते छापील स्वरूपात आहे का?

जुनी पाने
एका परिचितांकडे त्या काळच्या कागदांचा गठ्ठा आहे. बांधणी सुटलेली आहे, त्यामुळे सपाट काचेच्या यंत्रावर दाबायचं नाही, वरून फोटो काढायचे. रविवारी सकाळी जातो आहे. रामबागवासी, टंकनाचा आग्रह बाजूला ठेवून पानं धरायला याल का?

रामबागवासी, इंदूर
येतो. भाषण सापडलं तर टंकायला मी घेणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.