जुना डच समुद्री नकाशा: मूळ छाप की नंतरची नक्कल, कसं ओळखायचं?

दर्यावर्दी:
एक समुद्री नकाशा विकत घेण्याचा विचार आहे. 'ॲमस्टरडॅम, १६६६ च्या सुमाराचा, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला' असं वर्णन दिलं आहे. छापील भाग साधारण ४४ × ५४ सेंटिमीटर, मधोमध उभी घडी, किनाऱ्याला हिरवा-पिवळा रंग, समुद्रभर दिशारेषा आणि दोन कंपास रोज (दिशा दाखवणारी चक्राकार चित्रं). मागची बाजू कोरी आहे. सध्या फ्रेममध्ये आहे, पण बाहेर काढून पाहायला परवानगी मिळाली आहे. प्रयोगशाळेत न नेता, भिंग आणि दिवा एवढ्यावर काय काय तपासता येईल? कोणत्या क्रमाने? मागे मजकूर नाही म्हणून शंका घ्यावी का? आणि बाजूला मैलांच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या छापल्या आहेत, त्या कशासाठी?

कागद_शाई:
मागच्या कोऱ्या बाजूवरून शंका नको. भूनकाशांच्या ॲटलासमध्ये पानामागे लॅटिन, डच, फ्रेंच असा मजकूर छापत. त्या भाषेवरून आवृत्ती शोधायलाही मदत होते. समुद्री ॲटलासमधले नकाशे मात्र पुष्कळदा मागे कोरेच असत.

फ्रेम उघडताना नकाशा काचेला किंवा पुठ्ठ्याला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. ओढून काढू नका. सुटा असेल तर स्वच्छ, कोरड्या हातांनी, खाली सपाट पुठ्ठा धरून बाहेर घ्या.

आधी छपाई पाहा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, पुढे काही तपासायची गरज नाही. पण ठिपके नाहीत म्हणून नकाशा जुना ठरत नाही. शिळाछापात (दगडावरून छपाई) आणि कोलोटाइपमध्ये (जिलेटिनच्या थरावर फोटो उतरवून केलेली छपाई) ठिपके नसतात आणि जुन्या नकाशांच्या चांगल्या नकला या पद्धतींनी भरपूर निघाल्या आहेत.

तांब्याच्या पत्र्यात कोरणीने खोदलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि टोकाला पुन्हा निमुळती होते. ओलसर कागद दाबाखाली खाचेत शिरून शाई उचलतो, म्हणून शाई कागदावर उठून राहते. दिवा अगदी बाजूने, कागदाला जवळपास समांतर धरला की हा उठाव दिसतो. शिळाछापातली शाई सपाट असते, रेघेची जाडी एकसारखी आणि कड किंचित दाणेदार. अक्षरांच्या वर-खाली केसासारख्या फिकट आडव्या रेघा दिसतात का तेही पाहा. अक्षरं सरळ यावीत म्हणून कोरणारा त्या आखून घेई. पत्रा झिजत गेला की आधी त्याच पुसट होतात, म्हणून त्या स्पष्ट असतील तर छाप पत्र्याच्या सुरुवातीच्या काळातला असण्याची शक्यता वाढते.

मग पत्र्याच्या कडेचा दाब, म्हणजे प्लेटमार्क. छापील चौकटीच्या थोडं बाहेर चारही बाजूंनी कागद दबलेला असतो आणि मागून त्याची कड बोटाला लागते. यावर एकट्यावर विसंबू नका. नकलेलाही कोरडा दाब देऊन खोटा प्लेटमार्क उठवतात. उलट अस्सल नकाशाच्या कडा कापल्या असतील किंवा मागून दुसरा कागद चिकटवून तो दाबला असेल, तर खरा प्लेटमार्कही दिसेनासा होतो. फोटोग्रॅव्ह्युअरच्या, म्हणजे फोटोवरून कोरलेल्या पत्र्याच्या, नकलेत तर प्लेटमार्क असतो आणि शाईलाही थोडा उठाव असतो. तिथे निकाल कागदावरच लागतो.

चाळणीचा_कागद:
वरचं सगळं बरोबर, आणि कागदाची तपासणी सर्वांत खात्रीची म्हणूनच थोडं सविस्तर.

नकाशा उजेडासमोर धरा. १७ व्या शतकातला कागद तारांच्या साच्यावर हाताने उचललेला असतो. त्यामुळे एका दिशेने खूप दाट बारीक रेषा आणि त्यांना काटकोनात साधारण २ ते ३ सेंटिमीटर अंतरावर ठळक साखळीरेषा दिसतात. रेषाच नसतील आणि कागद सर्वत्र एकसारखा दिसत असेल, तर तो १७५० नंतरच्या पद्धतीचा आहे. मग १६६६ चा प्रश्नच मिटला.

खरी मेख पुढे आहे. यंत्रावरच्या कागदावरही एकोणिसाव्या शतकापासून अशा रेषा उमटवता येतात. फरक साखळीरेषेच्या दोन्ही बाजूंना पाहायचा. जुन्या साच्यात तारांखालच्या लाकडी पट्ट्यांजवळ लगदा जास्त साचे, म्हणून प्रत्येक साखळीरेषेच्या आजूबाजूला सावलीसारखा गडद पट्टा दिसतो. यंत्राच्या कागदात ही सावली नसते. १८०० नंतर हाताने केलेल्या कागदातूनही ती हळूहळू गेली.

जलचिन्ह, म्हणजे उजेडासमोर कागदात दिसणारी आकृती, सहसा घडीच्या एकाच अर्ध्या भागात मिळतं. विदूषकाची टोपी, लिलीचं फूल असलेली ढाल, ॲमस्टरडॅम शहराचं मानचिन्ह ही त्या शतकातली नेहमीची चिन्हं. नुसतं चिन्ह ओळखून साल ठरत नाही, कारण एकच आकृती अनेक गिरण्या दशकानुदशकं वापरत. चिन्हाची उंची आणि शेजारच्या साखळीरेषांपासूनचं अंतर मोजून ठेवा. जुळवणी करायची तर तेच कामी येतं.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा झळाळला तर त्यात १९५० च्या सुमारानंतर वापरात आलेलं चमकद्रव्य आहे. मात्र झळाळी मूळ कागदाची की दुरुस्तीसाठी मागे लावलेल्या कागदाची, हे नीट बघा.

तपकिरी रंगाला भुलू नका. चिंध्यांपासून केलेला तो कागद साडेतीनशे वर्षांनंतरही बऱ्याचदा सायीच्या रंगाचा आणि लवचिक असतो. सगळीकडे सारखा तपकिरी आणि वाकवताच तुटणारा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा असतो. चहा-कॉफीने रंगवलेली नक्कलही सगळीकडे सारखीच मळकट दिसते. खरा मळ कडांना आणि पान उलटताना बोटं लागतात त्या खालच्या कोपऱ्यांत जमतो.

घडीच्या मागे ॲटलासमध्ये बांधण्यासाठी लावलेली कागदी पट्टी किंवा तिच्या खळीचा डाग शोधा. वाळवी-कसरीची भोकं आणि पाण्याचे डाग घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे जुळले तर पान ग्रंथात मिटून होतं याचा तो चांगला पुरावा.

ताम्रमुद्रा:
एक गोष्ट राहिली. कागद आणि छपाई दोन्ही अस्सल निघाले तरी नकाशावरचं साल हे त्या प्रतीचं साल नव्हे. पत्रे महाग होते. ते विकले जात, वारसाने जात, दुरुस्त करून पुन्हा छापले जात. नकाशाकार मर्केटरचे पत्रे १६०४ मध्ये नकाशा-प्रकाशक योडोकुस होंडियुसने घेतले. १६२९ मध्ये होंडियुस घराण्यातले तीसहून अधिक पत्रे दुसरा प्रकाशक विलेम ब्लाऊ याच्याकडे गेले, त्याने जुनं नाव काढून स्वतःचं घातलं आणि १६३० च्या ॲटलासमध्ये ते छापले.

म्हणून नावाचा चौकोन आणि आसपासची मोकळी जागा भिंगातून तपासा. नाव बदलताना पत्रा मागून ठोकून वर आणत, पुढून घासून गुळगुळीत करत आणि नव्याने कोरत. तिथे जुन्या अक्षरांच्या पुसट खुणा राहतात. अशा प्रत्येक बदलाला त्या पत्र्याची वेगळी 'स्टेट' मानतात आणि किमतीत मोठा फरक तिथेच पडतो. मोठ्या ग्रंथालयांनी आपल्या प्रतींची स्पष्ट चित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. त्यांच्याशी जहाजं, कंपास रोज, पत्ता, साल एकेक करून ताडून पाहा. मापं ताडताना काही मिलिमीटरचा फरक धरून चाला, कारण ओला कागद वाळताना आकसतो आणि प्रत्येक पान सारखं आकसत नाही. फरक सेंटिमीटरांत गेला तर ती लहान-मोठी केलेली नक्कल समजा.

हिरव्या रंगाबद्दल: त्या काळी तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा वापरत. तो हळूहळू कागद खातो, म्हणून हिरव्याच्या बरोबर मागे तपकिरी छटा उतरते आणि कधी तिथे तडे जातात. अशी छटा असेल तर रंग बहुधा जुना. नसेल तर तेवढ्यावरून निष्कर्ष नको, कारण निळा-पिवळा मिसळून केलेले हिरवेही होते. रंग फाटलेल्या कडेत, भोकाच्या आत किंवा दुरुस्तीच्या कागदावर शिरला असेल तर तो नक्की नंतरचा. समुद्री नकाशे पुष्कळदा बिनरंगीच विकले जात, त्यामुळे नंतर चढवलेला रंग ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे.

दर्यावर्दी:
सर्वांचे आभार. क्रम कळला: छपाई, कागद, मग पत्र्याचा इतिहास. मैलांच्या पट्ट्यांचं राहिलं. आणि घेतलाच तर हिरव्याचं तपकिरीपण धुऊन थांबवता येतं का?

ताम्रमुद्रा:
धुवू नका. पाण्याबरोबर तांब्याचे आयन शेजारच्या निरोगी कागदात पसरतात आणि नुकसान वाढतं. त्या भागाचं काम कागद-संवर्धकाकडेच द्यावं. घरी एवढंच करा: चिकटपट्टी अजिबात नको, लॅमिनेशन तर नाहीच. आम्लरहित माउंटवर जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने वरच्या कडेला लावा, म्हणजे नकाशा लोंबता राहील आणि हवेबरोबर आकसायला-पसरायला जागा मिळेल. अतिनील रोखणारी काच घ्या, पण ती कागदाला टेकू देऊ नका. उजेड ५० लक्सच्या आसपास, आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ आणि मुख्य म्हणजे स्थिर.

अक्षांश:
मैलांच्या पट्ट्यांबद्दल. एका अक्षांशात १५ डच मैल, १७½ स्पॅनिश लीग आणि २० इंग्रजी-फ्रेंच लीग मोजत, म्हणून त्या त्या देशांच्या खलाशांसाठी तीन पट्ट्या. डच पट्टीवरचे १५ मैल दोन टोकांच्या कंपासमध्ये (अंतर मोजायच्या कर्कटकात) घ्या आणि बाजूच्या अक्षांशपट्टीवर ठेवा. वर-खाली सगळीकडे ते एका अंशाएवढेच भरले तर हा साधा 'सपाट' नकाशा आहे. मर्केटरची नकाशा आखायची पद्धत १५६९ ची असली तरी असे नकाशे पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ निघत राहिले. ध्रुवाकडे जाताना अंश लांबत गेले तर तो मर्केटरच्या पद्धतीचा. त्यात ६० अंशांजवळचा एक अंश विषुववृत्तावरच्या दुप्पट भरतो. किनाऱ्याजवळचे आकडे खोलीचे, वावांमध्ये. ॲमस्टरडॅमचा वाव सुमारे १.७ मीटर होता, तर इंग्रजी वाव १.८३ मीटर, त्यामुळे आजच्या नकाशाशी ताडताना हा फरक धरा. दिशारेषांच्या आसपास कर्कटकाच्या टोकाची सुईसारखी भोकं दिसली तर नकाशावर कोणीतरी खरोखर मार्ग मोजला होता, आणि ती भोकं दुरुस्तीत बुजवू देऊ नका.