मदत हवी आहे: जपानमधल्या उन्हाळी शिबिरात ताई म्हणून बोलावलंय, पण टुरिस्ट व्हिसावर या म्हणतात

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहे, जपानी हा मुख्य विषय. डिसेंबरमध्ये एन४ (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) पास झाले. बारावीपासून दर मे महिन्यात भोरजवळच्या एका निवासी शिबिरात ताई म्हणून जाते. माझ्या गटात आठ ते दहा वयाची बारा मुलं असतात. सकाळी उठवण्यापासून ते रात्री घरची आठवण येऊन रडणाऱ्याच्या उशाशी बसण्यापर्यंत सगळं आमच्याकडे. हे काम मला मनापासून आवडतं. पुढे मुलांसोबतच काम करायचं हेही ठरलंय.

नागानो प्रांतातल्या एका छोट्या इंग्रजी शिबिराला मी पत्र लिहिलं होतं. त्यांनी व्हिडिओवर दोनदा मुलाखत घेऊन होकार कळवला. २२ जुलै ते २५ ऑगस्ट. राहणं-जेवण त्यांचं, वर हातखर्चाला ६०,००० येन रोख, विमानभाडं माझं. महिनाभर मी आनंदात होते. परवा ईमेल आलं की टुरिस्ट व्हिसा काढा आणि विमानतळावर विचारलंच तर मैत्रिणीकडे फिरायला आले म्हणून सांगा. मागच्या वर्षीही दोघी अशाच आल्या होत्या म्हणे.

बाबा तिथेच नाही म्हणाले. आईचं म्हणणं, नीट चौकशी कर आणि मग ठरव. म्हणून इथे विचारते. हातखर्च हा पगारात धरतात का? विद्यार्थ्यांसाठी सरळ मार्गाचा कोणता व्हिसा असतो का? आणि ज्यांनी तिथल्या मुलांसोबत काम केलंय त्यांनी सांगा, एन४ च्या जपानीवर निभावतं का? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं.

प्रतिसाद १

मी अकरा वर्षं सैतामाला आहे. आमच्या कंपनीत बाहेरून येणाऱ्यांच्या व्हिसाची कागदपत्रं मीच बघते. तुझे बाबा बरोबर आहेत.

कामाच्या बदल्यात मिळणारे पैसे म्हणजे मोबदला, मग त्याला हातखर्च म्हणा नाहीतर बक्षीस. टुरिस्ट व्हिसावर तो घेता येत नाही. राहणं-जेवण कामाच्या बदल्यात असेल तर तेसुद्धा मोबदल्यात मोजलं जाऊ शकतं. पकडलं गेल्यावर हद्दपारी झाली, तर पाच वर्षं जपानमध्ये पाऊल ठेवता येत नाही. तू जपानी शिकतेस. तुझं सगळं पुढचं आयुष्य या देशाशी जोडलेलं असणार आहे, ते एका उन्हाळ्यासाठी पणाला लावू नकोस. आणि जे लोक कामाच्या आधीच तुला अधिकाऱ्याशी खोटं बोलायला शिकवतात, ते तू आजारी पडलीस किंवा तुझ्या गटातलं मूल पडलं तर तुझ्या पाठीशी उभे राहतील का, हाही विचार कर. तुझं तिथे असणंच कागदावर नसेल, तर विमाही नाही.

आता सरळ मार्ग. काही देशांच्या तरुणांना वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळतो, त्या यादीत भारत नाही. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘तोकुतेइ कात्सुदो’ म्हणजे ठरावीक कामासाठीचा व्हिसा असतो. त्यात आपल्या उपयोगाचे दोन प्रकार आहेत. एक समर जॉब: जास्तीत जास्त तीन महिने, पण तो तुझ्या विद्यापीठाच्या सुट्टीत बसला पाहिजे आणि विद्यापीठ व तिथली संस्था यांच्यात करार हवा. दुसरा इंटर्नशिप: पगार मिळतो, पण ते काम अभ्यासक्रमाचा भाग असायला हवं आणि त्याचे क्रेडिट मिळायला हवेत. दोन्हीत जपानमधल्या संस्थेने तुझ्या वतीने इमिग्रेशनकडे अर्ज करून पात्रतेचं प्रमाणपत्र काढायचं असतं, ज्याला सगळे सीओई म्हणतात. ते आल्यावर तू भारतात व्हिसासाठी अर्ज करायचा. सीओईला बहुतेक वेळा महिना ते तीन महिने लागतात. त्यामुळे या जुलैचं विसर.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. पण सुट्टीचा मुद्दा वाचून पोटात गोळा आला. आपली मोठी सुट्टी मे-जूनमध्ये, त्यांची शाळा सुटते जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या मुलांना समर जॉबचा प्रकार जवळजवळ बंदच ना?

प्रतिसाद १

उन्हाळी शिबिरापुरता, हो. म्हणून इंटर्नशिपकडे बघ. नव्या अभ्यासक्रमात तुम्हाला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे क्रेडिट आहेत ना? विभागप्रमुखांना विचार की परदेशातल्या संस्थेत केलेलं काम त्यात धरता येईल का आणि विद्यापीठ करारावर सही करेल का. मुलांना भाषा शिकवण्याशी काम जोडलेलं असेल, तर तुझ्या विषयाशी त्याचा संबंध दाखवता येतो. आणखी एक: तीन महिने किंवा त्याहून कमी मुक्कामाला रहिवासी कार्ड मिळत नाही, आणि त्याशिवाय बँक खातं उघडणं अवघड. पगार कसा देणार आणि कर किती कापणार हे करारात लिहून घे. रहिवासी नसलेल्यांच्या पगारातून साधारण २०.४२ टक्के कापतात.

प्रतिसाद २

मी क्योतोला शिकत असताना दोन उन्हाळे शिबिरात काढलेत. विद्यार्थी व्हिसा होता आणि कामाची वेगळी परवानगी काढली होती. एरवी आठवड्याला २८ तास, पण विद्यापीठाच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. तुला मास्टर्स तिथे करायचं असेल तर हाही रस्ता लक्षात ठेव.

आमचं शिबिर यामानाशीतल्या कियोसातोला होतं, यात्सुगाताके डोंगरांच्या पायथ्याशी. खाली शहरात ३५ अंश आणि वर रात्री स्वेटर. तिथे ताई-दादा म्हणत नाहीत, ‘रीदा’ म्हणतात, आणि प्रत्येक रीदाला एक टोपणनाव असतं. माझं ‘मँगो’ होतं. मुलांना माझं खरं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचं संगीत लागतं, ‘राजिओ ताइसो’. १९२८ पासून चालू आहे. तो दहा मिनिटांचा कार्यक्रम आधी घरी शीक, कारण मुलं पुढे उभ्या असलेल्या रीदाकडे बघून करतात.

भाषेबद्दल. एन४ चं व्याकरण पुरतं, शब्द पुरत नाहीत. पुस्तकातलं ‘मास-देस’, म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारं औपचारिक बोलणं, मुलं बोलतच नाहीत. आणि दुखणं सांगताना ती जे शब्द वापरतात ते मला एकाही धड्यात भेटले नव्हते. पहिल्याच आठवड्यात रात्री एक मुलगा पोट धरून ‘चिकुचिकु’ म्हणत राहिला आणि मी नुसतीच पाठ चोळत बसले. ‘झुकिझुकि’ म्हणजे ठणकतंय, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचल्यासारखं होतंय, ‘मुकामुका’ म्हणजे मळमळतंय. आपल्याकडे लहान मूल चुरचुरतंय, ठणकतंय म्हणतं तसंच. असे पन्नासेक शब्द पाठ कर, एन३ च्या पुस्तकाआधी. ‘काएरीताइ’, म्हणजे घरी जायचंय, हा शब्द तर रोज रात्री कानावर पडेल. त्यावर काय बोलायचं हे तुला भोरमध्येच कळलंय.

अ‍ॅलर्जीचं मात्र फार गांभीर्याने घे. प्रत्येक मुलाचा कागद आधी येतो आणि तो वाचता आलाच पाहिजे. नागानोत सोबा म्हणजे बकव्हीट (कुट्टू) या धान्याच्या शेवया सगळीकडे असतात, आणि काही मुलांना सोब्याने जीवावर बेतू शकतं. आमच्या गटात अशी एक मुलगी होती. मी ताटावर लक्ष ठेवून होते, पण तिच्या उशीत त्याच धान्याची टरफलं भरलेली आहेत हे स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितलं. जुन्या पद्धतीच्या उशा तशा असतात. उशी लगेच बदलली. तेव्हापासून मी खोलीत शिरल्यावर आधी उशा दाबून बघते.

प्रतिसाद ३

जेवणाचं मी सांगतो, मी शाकाहारी आहे आणि चार वर्षं नागोयात काढलीत. शिबिरात एका रात्री मुलं चुलीवर भात आणि करी करतातच. करी बघून आपल्याला वाटतं, बटाटा-गाजर आहे, चालेल. पण करीच्या तयार वड्यांमध्ये बहुतेक वेळा गाय-डुकराची चरबी असते. मिसो सूपच्या पाण्यातही सुक्या माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं म्हणून भागत नाही. मांस, मासे, दाशी, चरबी अशी यादी जपानीत लिहून आधीच पाठव. भात, तोफू, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), अंडी यांवर दिवस निघतात. सोबत मेतकूट आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी ने. फक्त शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल गटात असेल तर चटणीचा डबा उघडूच नकोस.

काळे कपडे आणि वासाचं तेलही टाळ. ऑगस्टमध्ये डोंगरात सुझुमेबाची नावाच्या मोठ्या गांधीलमाश्या असतात, त्या गडद रंगावर येतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. उशीच्या गोष्टीपाशी ते थांबले आणि म्हणाले, ‘ही माणसं मुलांची काळजी घेतात, अशा ठिकाणी जा.’

आज शिबिराला जपानीतून उत्तर पाठवलं: यंदा येऊ शकत नाही, पुढच्या वर्षी सीओई काढून बोलावणार असाल तर आनंदाने येईन. दोन तासांत उत्तर आलं की ती कागदपत्रं करणं आम्हाला जमत नाही. लिहिताना वाईट वाटलं, पण विषय संपला.

सोमवारी विभागप्रमुखांना भेटून ओजेटीबद्दल विचारणार आहे. आता एक शेवटची मदत. बाहेरच्या विद्यार्थ्यांना रीतसर इंटर्नशिपवर घेतलेलं एखादं शिबिर किंवा निसर्गशाळा कुणाला प्रत्यक्ष माहीत असेल तर इथे सांगाल का? प्रांत कुठलाही चालेल. आणि प्रतिसाद २ मधल्या ताई, ती पन्नास शब्दांची यादी तुमच्याकडे असेल तर जरूर द्या. झुकिझुकि आणि मुकामुका आजच वहीत लिहिलेत.